जालिंदर सरवदेची पाठदुखी

जालिंदर सरवदेला दोन वर्षं पाठदुखी होती. दर शनिवारी दुपारी दोनला सुरू व्हायची आणि रविवारी संध्याकाळी सहाला थांबायची. सोमवारी सकाळी गडी कंपनीच्या बसमध्ये ताठ बसलेला. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात सव्वाशे माणसं आहेत. त्यातल्या एकालाही ह्या वेळापत्रकाचा संशय आला नाही. मलाही आला नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण मी स्वतःला लई हुशार समजतो, आणि पुढं माझी जी शोभा झाली तिची सुरुवात इथनं आहे.

मी त्या कारखान्यात नोकरीला नाही. मी कुठंच नोकरीला नाही. आठवीत शाळा सुटली, कामगार कायदा मी रद्दीच्या दुकानात बसून वाचला, आणि गेली पंचवीस वर्षं एमआयडीसीच्या गेटांवर भांडतोय. लोक मला हिंदुराव आण्णा म्हणतात, मालक लोक काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

जालिंदर तिथं डिस्पॅचला, एकोणीस वर्षं. डिस्पॅच म्हणजे तयार माल गाडीत चढवून गावाला लावायचं खातं. कुठल्या खोक्यात कुठला टॉवेल, कुठली गाडी कुठल्या नाक्यावर अडकली असेल, कुठल्या ड्रायव्हरला रागवायचं आणि कुणाला चहा पाजायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात. खोक्यावर नुसती थाप मारून सांगायचा, "ह्यात एक डझन कमी हाय, उघडा." उघडलं की कमीच.

आणि त्याच्या डोक्यावर दर वर्षा-दीड वर्षाला पुण्याहून एक नवा मॅनेजर यायचा. कोरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एमबीए. जालिंदर त्याला काम शिकवायचा. काम येतंय असं वाटायला लागलं की साहेब राजीनामा देऊन पुण्याला परत. असे चार झाले. पाचवे उदयसिंह साहेब. पोरगा स्वभावानं चांगला, पण पहिल्या आठवड्यात त्यानं नागपूरचा माल नाशिकला पाठवला आणि वर नाशिकवाल्यांनी तो ठेवूनही घेतला.

चौथा साहेब गेला तेव्हा जालिंदर मालकांसमोर उभा राहिला होता. "मालक, ह्या वेळी माझ्याकडं बघा की."

मालक म्हणाले, "जालिंदर, काम तुलाच येतं, मला कळतं. पण त्या खुर्चीला एमबीए लागतं रे. बाहेर देशाची गिऱ्हाइकं येतात, ती विचारतात."

दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात शिव्या घालून गप्प बसला असता. जालिंदरनं ते वाक्य घरी नेलं आणि बायकोला, पारूला, जसंच्या तसं सांगितलं. पारू भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग करा की एमबीए. तुमाला काय, शनवार-रविवार निसतं पेपर वाचत पडायचं असतंय."

बीए त्यानं तिशीतच मुक्त विद्यापीठातनं केलं होतं. शहरातल्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचं एमबीए निघालं होतं, तिथं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यानं नाव घातलं. आणि ही गोष्ट बायको आणि मुलगी सोडून कुणालाही सांगितली नाही. मी नंतर झापलं तेव्हा म्हणाला, "आण्णा, नापास झालो असतो तर रिटायर होईपर्यंत बसमध्ये ऐकावं लागलं असतं." हे मात्र खरं. त्या बसमधले लोक फार वाईट आहेत.

म्हणून पाठदुखी. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मागायला काहीतरी दुखायलाच पाहिजे. गुडघा म्हटलं तर लंगडावं लागतं, दात म्हटलं तर काढून घ्या म्हणतात. पाठ बरी, दिसत नाही.

लोकांनी मात्र ती पाठ मनावर घेतली. मंद्रूपचा अजिनाथ त्याच्याबरोबर गाड्या भरायचा, तो दर महिन्याला घरनं निरगुडीच्या तेलाची बाटली आणायचा. शिलाईतली सुंदरम्मा, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बाई, टॉवेलाचे काठ मारायला तिच्यासारखा हात नाही, तिनं हाड बसवणाऱ्या तीन माणसांचे पत्ते दिले आणि "गेला का नाही?" म्हणून दर सोमवारी उलटतपासणी घेतली. आणि मी? मी कंपनीला अर्ज लिहिला. 'सदर कामगाराच्या पाठीच्या व्याधीस कंपनीतील अवजड काम जबाबदार असून' वगैरे, खाली दोन कलमं. कंपनीनं घाबरून जालिंदरला खोकी उचलायला बंदी केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गड्यावर हात बांधून उभं राहायची पाळी आली. महिनाभर तो माझ्याकडं असा बघायचा की मला वाटायचं, कृतज्ञतेनं बघतोय.

कॉलेजात तो काय करत होता ते मला पुढं त्याच्या अंकिता मॅडमनी सांगितलं. वर्गात सगळे बँकेतले, विम्यातले, पंचवीस-तिशीचे. पहिल्याच दिवशी हा उठला आणि मागचे चार बाक सरकवून दाराकडची वाट मोकळी केली. कुणी सांगितलं नव्हतं. वाट अडलेली त्याला बघवत नाही. मॅडम स्वतः अठ्ठावीस वर्षांच्या. त्यांनी शिकवलं, माल लागेल तेव्हाच गाडी बरोबर दारात यावी, आधी नाही, नंतर नाही. जालिंदरनं हात वर केला. "मॅडम, ही गाडी कुठली?"

"कुठली म्हणजे? ही पद्धत आहे, सरवदे."

"नाही, पद्धत चांगली हाय. पण मोहोळच्या पुढं जाम असला तर ही गाडी कुठनं येते, तेवढं सांगा. आमच्या ड्रायव्हरला सांगतो."

तरी पण लेकाचा पास होत गेला. तीन सेमिस्टर पार. चौथ्यात प्रोजेक्ट. विषय घेतला, 'कामगारांचे समाधान आणि मालपाठवणी विभागाचे व्यवस्थापन.' निदान शंभर कामगारांकडून प्रश्नावली भरून आणायची आणि प्रोजेक्ट रविवारी दुपारपर्यंत द्यायचा. चुकला की सहा महिने गेले. आणि नेमका त्याच वेळी उदयसिंह साहेबांनी राजीनामा दिलेला. महिनाअखेर खुर्ची भरायची होती. जालिंदरचा कागद हातात नसला की सहावा साहेब पुण्याहून निघालाच म्हणून समजा.

आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? हातात कागद घेतले असते, शिलाईत गेला असता, म्हणाला असता, बायांनो, एवढं भरून द्या. पण ह्याला तर गुपित ठेवायचं होतं. त्यानं कॉलेजच्या कुणाचा तरी अभ्यास आहे एवढंच सांगून मालकांची परवानगी घेतली आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा एचआरकडं दिला. एचआरवाल्यानं कामाला लागून प्रत्येक कागदावर कंपनीचा शिक्का मारला, खाली तीन रकाने वाढवले, नाव, हजेरीचा तिकीट नंबर, सही, आणि बुधवारी पाळी सुटताना वाटून टाकले.

पहिला प्रश्न होता, 'आपण कंपनीतील कामाबाबत समाधानी आहात काय?'

त्या एमआयडीसीत कागदाचा एक नियम आहे, आणि तो मी घातलाय. बारा वर्षांमागं दुसऱ्या एका कारखान्यात कोऱ्या कागदावर चाळीस बायांच्या सह्या घेतल्या होत्या, पगारवाढीसाठी म्हणून. वर नंतर राजीनामा लिहिला. तेव्हापासून मी गेटागेटावर एकच शिकवण दिली. कंपनीतनं कागद आला की सही नाही. वाचून नाही, समजून नाही, नाहीच. आधी आण्णाला दाखवा.

बुधवारी संध्याकाळी सातच्या आत माझ्याकडं त्या प्रश्नावलीच्या अकरा प्रती आल्या. मी पहिला प्रश्न वाचला आणि माझं डोकं फिरलं. समाधानी आहात काय! सव्वाशे माणसं समाधानी आहेत असं सह्यांनिशी लिहून घ्यायचं आणि उद्या पगारवाढ मागितली की तोंडावर फेकायचं! मालकाची ही चाल मी एका नजरेत ओळखली. माझं हे असंच आहे, मी सगळं एका नजरेत ओळखतो.

गुरुवारी सकाळी गेटसभा. मी कर्णा घेऊन स्टुलावर. "हा कागद ज्याच्या डोक्यातनं निघाला त्यानं समोर यावं! कामगाराचं समाधान कागदावर मोजतोस काय? बोला, समाधानाचा कागद..."

"मुर्दाबाद!"

सगळ्यात मोठा आवाज डाव्या बाजूनं. बघतो तर जालिंदर. मूठ आवळलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या. मला बरं वाटलं, पाठ एवढी दुखत असून गडी मागं नाही. मी कागद फाडला. मागोमाग सगळ्यांनी फाडले. जालिंदरनंही एक फाडला. चार तुकडे केले.

त्याच दुपारी तो मी बसतो त्या चहाच्या टपरीवर आला. बाकड्यावर बसला, उठला, परत बसला.

"जय भीम, आण्णा."

"जय भीम. कसा हाणला मालकाला!"

"आण्णा, तो कागद माझा होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. एमबीए, शनिवार, पाठ, खुर्ची, रविवार. मी ऐकत गेलो आणि कान तापत गेले.

"अरे, मग तू मुर्दाबाद कशाला म्हणालास?"

"तुम्ही 'बोला' म्हटलं की हात वर जातोय, आण्णा. एकोणीस वर्षांची सवय."

"आणि फाडलास पण!"

"सगळे फाडत होते. मी एकटाच धरून उभा राहिलो असतो तर लोक काय म्हणाले असते?"

मी त्याला शिव्या घातल्या. मनसोक्त घातल्या. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. पण रविवारी काय करू?" आवाज असा आला की माझ्या पुढच्या शिव्या आतच राहिल्या. दोन वर्षं रोज पहाटे चारला उठून पुस्तकं वाचलेला माणूस, आणि मी त्याचा कागद सव्वाशे माणसांच्या हातनं फाडायला लावला.

"उद्या मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो. "मी सांगितलं की करतील सह्या."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जालिंदरनं नवी छपाई आणली आणि मी परत स्टुलावर चढलो. सांगितलं, कालचा कागद वाईट नव्हता, माझा जरा गैरसमज झाला, तेव्हा सह्या करून टाका.

कुणी हललं नाही. सुंदरम्मा पुढं आली, कमरेवर हात.

"अन्ना, नाही जमत."

"का नाही जमत? मी सांगतोय की."

"तुमीच बोललं होतं. बारा वर्षं झालं. 'उद्या मी जरी कागद घेऊन आलो तरी सही देऊ नका. समजा, मालकानं मला पण फोडलं.' असं बोललं का नाही?"

बोललो होतो. ह्याच स्टुलावरनं, टाळ्या घेतल्या होत्या.

मागनं अजिनाथचा आवाज. "आण्णा, खरं सांगा. राग न्हाय. तुमास्नी फोडलं का?"

"अरे, मला फोडायला मालकाच्या बापाला..."

"न्हाय म्हंजे काल मुर्दाबाद, आज सह्या. मधी एकच रात गेली की."

सव्वाशे माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मीच त्यांना शिकवलेल्या नजरेनं बघत होती. पंचवीस वर्षांत मी मालकांसमोर गप्प बसलो नाही. तिथं बसलो. कर्णा खाली केला.

तेवढ्यात जालिंदरनं तो घेतला. स्टुलावर चढला नाही, खालीच उभा राहिला.

"आण्णाला कुणी फोडलं नाही. कागद माझा हाय. मी एमबीए करतोय. दोन वर्षं झाली. शेवटचा पेपर हाय, रविवारी द्यायचाय. नाही दिला तर परत पुण्याचा साहेब येणार."



पहिला बोलला तो अजिनाथ. "म्हंजे पाठ दुखत न्हाय?"

"नाही."

"शनवारी पण न्हाय?"

"नाही, अजिनाथ."

"आन् मी दोन वर्षं निरगुडीचं तेल आणतोय ते?"

"ते पारू गुडघ्याला लावते. लई गुण आलाय तिला."

आधी एक बाई हसली, मग शिलाईची सगळी रांग. सुंदरम्मा तोंडाला पदर लावून म्हणाली, "अय्यो, तीन पत्ता दिलं मी! तो दगडू हाडवैद्य अजून विचारतो, तुमचा पेशंट कधी येणार." अजिनाथ तेवढा हसला नाही. तो जालिंदरजवळ गेला, त्याच्या पाठीत चांगला दणकून एक गुद्दा घातला, आणि म्हणाला, "दुखली?"

"दुखली."

"मग आता तेल न्हाय मिळायचं. बोल, काय करायचं?"

पण सही नाहीच. त्यावर सगळे ठाम. सही नाही, अंगठा नाही, टिकसुद्धा नाही. "टिक काय, नि सही काय, पेन लागलं की संपलं," सुंदरम्मा म्हणाली. जालिंदरनं अंकिता मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, नावं कुणी मागितली? नावं नकोतच, एचआरनं आपल्या मनानं घातली. पण प्रत्येकाचं उत्तर वेगवेगळं मिळायला पाहिजे, सगळ्यांनी मिळून हो म्हटलेलं चालणार नाही.

तोडगा सुंदरम्मानं काढला. शिलाईत टॉवेलाच्या काठाच्या चिंध्या पोत्यानं पडलेल्या असतात. प्रत्येकाला मूठभर चिंध्या दिल्या. डिस्पॅचमधली पाच रिकामी खोकी ओळीनं मांडली, एकेका उत्तराला एक. जालिंदरनं कर्ण्यावरनं प्रश्न वाचायचा, लोकांनी रांगेनं जायचं आणि एका खोक्यात एक चिंधी टाकायची. कोण कुठं टाकतंय ते दिसू नये म्हणून खोक्यांपुढं दोन बेडशिटांचा आडोसा. प्रश्नागणिक जालिंदर आणि मी बसून चिंध्या मोजायच्या. अख्खी प्रश्नावली होईना, म्हणून आठ प्रश्न घेतले, चार शुक्रवारी, चार शनिवारी. ह्या वेळी शनिवारी त्याची पाठ दुखली नाही. सगळ्यांनी आठवण करून दिली.

समाधानी आहात काय, ह्या प्रश्नाला 'अजिबात नाही'चं खोकं भरून सांडलं. मी खूश झालो. जालिंदरनं तोंड पाडलं नाही, आकडा लिहून घेतला.

सातवा प्रश्न होता, 'मालपाठवणीत अडचण आल्यास आपण कोणास विचारता? मॅनेजर, सुपरवायझर, एचआर, मालक, इतर.' रांग गेली. आडोसा काढला. 'इतर'चं खोकं शिगोशीग, बाकीची रिकामी. नाही, सुपरवायझरमध्ये चार, मालकात दोन. आणि मॅनेजरच्या खोक्यात एक. निळी.

"ही कुणी टाकली रे?" अजिनाथ ओरडला. "गुप्त मतदान हाय, विचारायचं न्हाय," दुसरा ओरडला. तेवढ्यात मागं उभ्या उदयसिंह साहेबांनी हात वर केला. रांग दिसली म्हणून तेही लागले होते. म्हणाले, "सॉरी. मला वाटलं, निदान एक तरी असावी."

एकशे अठरा माणसं, 'इतर'मध्ये एकशे अकरा चिंध्या. रात्र न करता जालिंदरच्या मुलीनं, बुद्धप्रियानं, शनिवारी संध्याकाळीच सगळं टाइप केलं आणि रविवारी बाराला प्रोजेक्ट कॉलेजात पोचला.

तोंडी परीक्षेला मी बरोबर गेलो होतो. आत नाही, दारात. कॉलेजात मला गुदमरतं. पण दार उघडं होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी पानं उलटली. "सरवदे, माणसं कुठल्या पद्धतीनं निवडलीत?"

मला माहीत होतं, त्यानं ह्यासाठी मोठी मोठी इंग्रजी नावं पाठ केली होती. ऐन वेळेला सगळी गेली. "सर, जेवणाच्या सुट्टीत जो सापडला तो."

"ह्याला कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग म्हणतात."

"म्हणत असतील, सर."

"आणि साधन? इथं 'चिंधी' लिहिलंय."

"टॉवेलाच्या काठाची, सर. सुती."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "सातव्या प्रश्नाला हे 'इतर' एकशे अकरा आहेत. इतर म्हणजे कोण?"

मला आतनं ओरडावंसं वाटत होतं, मी दाराची कडी धरून ठेवली. जालिंदर म्हणाला, "सर, अभ्यास करणाऱ्यानं तटस्थ राहायचं असतं."

मागनं अंकिता मॅडम म्हणाल्या, "तेच आहेत, सर. तुमच्यासमोर बसलेत."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि खाली काहीतरी लिहिलं. बी प्लस आला. ए का नाही म्हणून मी भांडायला निघालो होतो, पारूनं शर्टाला धरून मागं ओढलं. "भावजी, पास झालेत. आता परत फाडू नका काय."

खुर्ची तरी सरळ मिळावी की नाही? एचआरनं सांगितलं, एमबीए हवं, पण पूर्ण वेळचं. माझं डोकं परत फिरलं, कर्ण्याची बॅटरी चार्जिंगला लावली. जालिंदर म्हणाला, "आण्णा, दोन दिवस गप्प बसा." आणि प्रोजेक्ट घेऊन एकटाच मालकांकडं गेला. बोलला काही नाही, सातव्या प्रश्नाचं पान उघडून समोर ठेवलं. मालकांनी वाचलं. परत वाचलं. उदयसिंह साहेब तिथंच होते, ते म्हणाले, "सर, मॅनेजरच्या खोक्यातली ती एक चिंधी माझीच आहे."

मालक म्हणाले, "मग सात वर्षं मी पुण्याच्या पोरांना पगार कशाचा देत होतो?"

एक तारखेला जालिंदर मॅनेजर झाला, सहा महिने चाचणीवर. एकोणीस वर्षांनंतर चाचणी! पण ते भांडण मी राखून ठेवलंय.

तो तिकडच्या बाजूचा झाला म्हटल्यावर मी पहिल्याच आठवड्यात मागण्यांचा कागद घेऊन गेलो. मुद्दाम. भर गेटावर सांगितलं, "जालिंदर, आजपासनं तू मॅनेजमेंट. मैत्री टपरीवर."

म्हणाला, "या की. पण वेळ घेऊन या."

वेळ घेऊन! मला! मी अकराची घेतली, अकराला केबिनबाहेर बसलो, वीस मिनिटं बसवलं गड्यानं. राग मस्तकात गेलेला. मग तो बाहेरच्या बाजूनं आला, अंगभर घाम, शर्टावर खोक्याची धूळ, दोन्ही हातांत चहा. गाडी भरत होता. बसला, माझा कागद उघडला. मालधक्क्यावर पंखे, बायांना जेवायला बंद खोली, बसची वेळ.

"पहिली आणि तिसरी बरोबर हाय," तो म्हणाला. "दुसरी चुकीची लिहिलीय."

"चुकीची? मी पंचवीस वर्षं..."

"मागणी बरोबर हाय, आण्णा. लिहिलीय चुकीची. असं लिहिलं की मालक एका मिनिटात नाही म्हणतील. मीच त्यांना सांगेन, नाही म्हणा." त्यानं कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं. "थांबा. कसं लिहिलं म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही, ते सांगतो."

आणि लिहायला लागला. मॅनेजरच्या खुर्चीत बसून मॅनेजरच्या विरुद्ध मागणी, मुद्देसूद, एक-दोन-तीन. मी चहा पीत बघत बसलो. मधे दोनदा माझे शब्द घुसवले, त्यानं एक ठेवला, एक खोडला. खोडलेला मी खाली सहीच्या वर परत लिहिला.

बायांना खोली जूनमध्ये मिळाली.